(१०१) पीक ०.१२ अंशांनी सरकलं, म्हणजे कोबाल्ट लॅटिसमध्ये बसलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: झिंक ऑक्साइडच्या नॅनो-पावडरमध्ये ५ टक्के कोबाल्ट घातलं, एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शनचा पॅटर्न) काढला. मुख्य पीक, म्हणजे (१०१) या अणु-प्रतलांचं, संदर्भ-कार्डात ३६.२५ अंशांवर आहे, ते ३६.३७ वर आलं. नवं कुठलंही पीक दिसलं नाही. पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार देणाऱ्या शेररच्या सूत्राने २१ नॅनोमीटर निघाला. तर ‘कोबाल्ट झिंकच्या जागी बसलं’ असं प्रबंधात लिहिता येईल का, आणि गाईड सांगतात ते रिटव्हेल्ड रिफाइनमेंट (संपूर्ण पॅटर्न गणिताने जुळवणं) कुठून सुरू करायचं?

आत्ता हातात असलेल्या माहितीवर तसं लिहू नका. कोबाल्ट बसलेलं असूही शकेल, पण तुमचा पुरावा ते सांगत नाही. एका पीकच्या सरकण्यात तीन वेगळी कारणं मिसळलेली असतात: यंत्राचा शून्यदोष (कोनाचं शून्यच सरकलेलं असणं), होल्डरमध्ये पावडरची उंची चुकणं, आणि लॅटिसचा, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या जाळीचा, खरा बदल. ती वेगळी केल्याशिवाय अणूंबद्दल बोलता येत नाही.

आधी अपेक्षा किती ठेवायची ते पाहू. चार ऑक्सिजनच्या घेऱ्यात झिंक आयनची त्रिज्या ०.६० अँगस्ट्रॉम, कोबाल्टची ०.५८. फरक ०.०२, आणि तोही शंभरातल्या पाचच जागांवर. म्हणजे झिंक-ऑक्सिजन बंधाची १.९८ अँगस्ट्रॉम ही सरासरी लांबी साधारण ०.००१ ने कमी होईल, म्हणजे ०.०५ टक्के. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात ‘ए’ आणि ‘सी’ हे दोन लॅटिस पॅरामीटर (जाळीच्या एका घराच्या बाजूंची मापं) एकाच दिशेने बदलतील असंही नाही. पण अंदाजाला तो पुरतो. ०.०५ टक्के आकुंचनाने (१०१) पीक सुमारे ०.०२ अंश सरकायला हवं. तुमचं सरकलंय ०.१२. अपेक्षेच्या सहापट बदल दिसला की आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

आता उंचीचं पाहू. नेहमीच्या ब्रॅग-ब्रेंटानो मांडणीत पावडरचा पृष्ठभाग गोनिओमीटरच्या (कोन मोजणाऱ्या यंत्रभागाच्या) अक्षावर तंतोतंत असावा लागतो. तो वर राहिला तर सगळी पीक्स मोठ्या कोनाकडे जातात, खाली गेला तर लहान कोनाकडे. सरकण्याचं माप (रेडियनमध्ये, टू-थीटावर, म्हणजे पॅटर्नवर वाचतो त्या कोनावर; थीटा त्याचा अर्धा) म्हणजे दोन गुणिले उंचीतली चूक गुणिले थीटाचा कोसाइन, भागिले गोनिओमीटरची त्रिज्या. त्रिज्या २४० मिलिमीटर आणि पावडर ०.१ मिलिमीटर वर असेल, तर ३६ अंशांजवळ ०.०४५ अंशांचा फरक पडतो. टेबलावरच्या छोट्या यंत्रात त्रिज्या १५० मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे हाच फरक ०.०७ होतो. थोडक्यात, काचेच्या पट्टीने पावडर दाबताना ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की डोपिंगच्या, म्हणजे कोबाल्ट घालण्याच्या, अपेक्षित खुणेपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी खूण तयार होते. तुमचे ०.१२ अंश २४० मिलिमीटरच्या यंत्रावर सुमारे ०.२६ मिलिमीटर उंचीतून येतात. फुगीर नॅनो-पावडर होल्डरच्या कडेच्या वर एवढी राहणं अगदी नेहमीचं आहे.

ही कारणं वेगळी करता येतात, कारण कोनाप्रमाणे बदलण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. शून्यदोष सगळीकडे सारखा राहतो. उंचीची चूक कोसाइनप्रमाणे मोठ्या कोनांकडे कमी होत जाते. लॅटिसचा बदल टॅन्जंटप्रमाणे मोठ्या कोनांकडे वाढत जातो. म्हणून (१०१) सोडा आणि (११२) पाहा, जे कार्डात ६७.९६ वर आहे. (१०१) चे ०.१२ अंश लॅटिसच्या सगळ्या दिशांनी सारख्या आकुंचनामुळे असतील, तर (११२) सुमारे ०.२५ अंश सरकलेलं दिसेल. उंचीमुळे असतील तर ०.१० च्या आसपास. शून्यदोष असेल तर ०.१२ च. शून्यदोष आणि उंची यांच्यात फरक करणं अवघड आहे, पण लॅटिसचा बदल यात लपत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मी कुठलाही पॅटर्न हाती आला की सॉफ्टवेअर उघडण्याआधी हेच पाहते.

झिंक ऑक्साइडसाठी याहून नेमकी चाचणी आहे. (१००) आणि (११०) ही दोन्ही पीक्स फक्त ‘ए’ वर अवलंबून आहेत, ‘सी’ चा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे डोपिंग कितीही असो, दोन्हींवरून काढलेला ‘ए’ एकच यायला हवा. (१००) च्या डी-अंतराला (प्रतलांमधल्या अंतराला) १.१५४७ ने गुणा, (११०) च्या डी-अंतराची दुप्पट करा आणि दोन उत्तरं शेजारी ठेवा. ०.२६ मिलिमीटर उंचीची चूक असलेल्या शुद्ध झिंक ऑक्साइडला हा हिशेब लावला तर (१००) वरून ३.२३८ आणि (११०) वरून ३.२४४ अँगस्ट्रॉम येतात. खरी किंमत आहे ३.२५०. दोन्ही चुकीच्या, आणि एकमेकींशीही जुळत नाहीत. तुमच्याकडे अशीच तफावत दिसली तर पीक पावडरच्या उंचीने किंवा शून्यदोषाने सरकलंय. डी-अंतर काढताना तरंगलांबी तांब्याच्या ट्यूबच्या के-अल्फा-१ रेषेची, १.५४०६ अँगस्ट्रॉम घ्या. काही सॉफ्टवेअर आपणहून सरासरीची १.५४१८ धरतात, आणि मग दोन सॅम्पलची तुलना करताना विनाकारण फरक दिसतो.

कार्डाशी तुलना हीच मुळात कच्ची बाजू आहे. ते कार्ड दुसऱ्या यंत्रावरचं, बहुतेकदा मोठे कण असलेल्या पावडरचं. तुमची तुलना तुमच्याच पद्धतीने, त्याच तापमानाला भाजलेल्या, कोबाल्ट न घातलेल्या झिंक ऑक्साइडशी व्हायला हवी, आणि दोन्ही पॅटर्न एकाच दिवशी एकाच सेटिंगवर घेतलेले हवेत. शक्य असेल तर ०, २, ५ आणि १० टक्के अशी मालिका करा. एका बिंदूवरून कल सांगता येत नाही.

पुन्हा मोजणार असाल तर पावडरमध्येच मानक (पीक्सच्या जागा नेमक्या माहीत असलेला पदार्थ) मिसळा. त्यामुळे शून्यदोष आणि उंची दोन्ही जागच्या जागी पकडता येतात. सवयीने लोक सिलिकॉन घेतात, पण इथे ते गैरसोयीचं आहे: सिलिकॉनची ४७.३०, ५६.१२ आणि ६९.१३ अंशांवरची पीक्स झिंक ऑक्साइडच्या ४७.५४, ५६.६० आणि ६९.१० जवळच येतात, आणि तुमची पीक्स रुंद असल्याने एकमेकांत मिसळतात. लँथनम हेक्साबोराइडची २१.३६, ३०.३८, ३७.४४, ४३.५१, ४८.९६ आणि ५३.९९ ही पीक्स बऱ्यापैकी मोकळ्या जागेत आहेत. वजनाने ५ ते १० टक्के पुरे. लँथनम एक्स-रे जोरात शोषतं, त्यामुळे जास्त घातलं तर तुमच्याच सॅम्पलची पीक्स बारीक होतात. मानक मिसळलेला भाग वेगळा ठेवा. बाकीच्या मोजमापांना शुद्ध पावडर लागेल.

पावडर भरण्याचंही सांगते, कारण निम्मी गडबड इथेच होते. अगेटच्या खलात हलक्या हाताने वाटा, कण ५-१० मायक्रॉनच्या खाली हवेत. नॅनो-पावडरचे गठ्ठे फोडणं एवढाच हेतू आहे. फार जोर लावला तर स्फटिकांत ताण शिरतो आणि पीक्स रुंदावतात. वरून दाबून भरली तर कांडीसारखे किंवा चपटे कण एका दिशेने झोपतात, आणि मग (००२) पीक (१००) च्या तुलनेत खोटं लहान किंवा मोठं दिसतं. मागून भरायचा होल्डर मिळाला तर तोच घ्या.

स्कॅनचंही तसंच. २० ते ८० अंश पाच मिनिटांत फिरवलेला पॅटर्न ‘पदार्थ कुठला’ एवढंच सांगतो. लॅटिससाठी २० ते १२० अंश, ०.०२ अंशांची स्टेप, आणि मुख्य पीकच्या टोकाला किमान १०,००० काउंट्स असं धोरण ठेवा. १०० काउंट्सवर अनिश्चितता १० टक्के असते, १०,००० वर १ टक्का. वेळ यंत्रावर ठरेल: बिंदू-डिटेक्टर असेल तर रात्रभर, स्ट्रिप डिटेक्टर असेल तर तास-दीड तास. मोठे कोन सोडू नका. लॅटिसचा बदल तिथेच मोठा दिसतो, आणि उंचीची चूक व लॅटिस एकमेकांपासून तिथेच सुटतात.

आता ‘नवं पीक दिसलं नाही’ या वाक्याकडे येऊ. माझ्या मते तुमच्या दाव्यातला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. तांब्याच्या ट्यूबचे एक्स-रे ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, आणि कोबाल्टची के-कड (जिच्यापुढे तो अणू एक्स-रे जोरात शोषतो ती ऊर्जा) ७.७१ वर. म्हणजे हे किरण कोबाल्टला उत्तेजित करतात आणि सॅम्पल स्वतःच फ्लुओरोसन्सने चमकायला लागतं. ही चमक सगळ्या कोनांवर पार्श्वभूमी म्हणून पसरते आणि बारीक पीक्स तिच्यात बुडतात. डिटेक्टरच्या ऊर्जा-खिडकीची खालची मर्यादा वाढवून ती बरीच कमी करता येते, सिग्नलही थोडा जातो. डिटेक्टरच्या बाजूला मोनोक्रोमेटर असेल तर उत्तम. कोबाल्टची ट्यूब उपलब्ध असेल तर प्रश्नच मिटतो, कारण तिची ६.९३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जा या कडेच्या खाली आहे. मात्र मग सगळे कोन बदलतील. मी इथे दिलेले आकडे तांब्याच्या ट्यूबचे आहेत.

शिवाय जे पीक शोधायचं तेच नेमकं झाकलेलं असतं. बाहेर राहिलेलं कोबाल्ट बहुधा स्पिनेल ऑक्साइड (कोबाल्टचं वेगळ्या रचनेचं स्वतंत्र ऑक्साइड) म्हणून सापडेल. त्याचं सर्वांत मोठं पीक ३६.८५ अंशांवर, म्हणजे तुमच्या ३६.२५ च्या रुंद पीकच्या उजव्या उतारावर. दुसरं ३१.२७ वर, (१००) च्या डाव्या उतारावर. म्हणून तिथे पाहण्यात अर्थ नाही. ४४.८, ५९.३५ आणि ६५.२ अंशांच्या आसपास पाहा, तिथे झिंक ऑक्साइडचं काही नाही. तेवढ्याच पट्ट्यात १० पट जास्त वेळ देऊन स्कॅन घ्या. एवढं करूनही वजनाने एक-दोन टक्क्यांखालचं स्पिनेल, त्यातही नॅनो आकाराचं, निसटू शकतं. आणि ५ अणु-टक्के कोबाल्ट सगळंच्या सगळं बाहेर पडलं असतं तरी त्याचं स्पिनेल वजनाने सुमारे ५ टक्केच भरलं असतं. म्हणजे निम्मं कोबाल्ट बाहेर असूनही पॅटर्न ‘स्वच्छ’ दिसणं शक्य आहे. स्पिनेल सापडलंच, तर ते शुद्ध कोबाल्टचं की झिंक-कोबाल्टचं हे एक्सआरडीवरून ठरवायला जाऊ नका. दोघांचे लॅटिस पॅरामीटर जवळजवळ सारखे आहेत.

२१ नॅनोमीटरबद्दल. तुमच्या उत्तरावरून पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४० अंश असावी आणि ती तशीच सूत्रात घातली असावी. त्या रुंदीत यंत्राचा वाटा आहे. लँथनम हेक्साबोराइडवर त्याच सेटिंगला ०.१० अंश रुंदी मिळते असं धरू. पीकचा आकार गॉसियन मानून वर्गांची वजाबाकी केली तर आकार २१.६ नॅनोमीटर येतो, लोरेंट्झियन मानून सरळ वजाबाकी केली तर २७.९. खरं पीक या दोन्हींच्या मधलं असतं. के-अल्फा-२ वेगळं काढलं नसेल तर आणखी एक भेसळ, कारण ३६ अंशांवर दोन रेषांमधलं अंतर ०.०९ अंश आहे. म्हणून ‘२० ते ३० नॅनोमीटर’ असं लिहा. दशांशात लिहिण्याची अचूकता या पद्धतीत नाही. (००२), (१००) आणि (१०१) वरून वेगवेगळे आकार आले तर त्यांची सरासरी घेऊ नका. (००२) अरुंद असणं म्हणजे कण ‘सी’ दिशेला लांब आहेत, ही उपयोगी माहिती आहे. आणि हा आकार सुसंगत स्फटिक-क्षेत्राचा असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारा कण त्याहून मोठा असला तर दोघांपैकी कुणी चूक ठरत नाही.

आता रिटव्हेल्ड. ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी १९६९ मध्ये न्यूट्रॉनच्या पॅटर्नसाठी मांडलेली ही पद्धत संपूर्ण वक्र बिंदूनबिंदू जुळवते, सुटी पीक्स मोजत बसत नाही. म्हणूनच ०.०२ अंशांसारखा बदल रुंद पीक्समधूनही काढण्याची आशा ठेवता येते. जीसॅस-२ किंवा फुलप्रॉफ, कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा लँथनम हेक्साबोराइडचा पॅटर्न जुळवून यंत्राची पीक-रुंदी ठरवा आणि ती गोठवा. मग तुमच्या सॅम्पलमध्ये स्केल आणि पार्श्वभूमी (६ ते ८ पदांची चेबिशेव्ह बहुपदी पुरते), त्यानंतर लॅटिस, त्यानंतर उंचीची दुरुस्ती. उंची आणि शून्यदोष दोन्ही एकदम मोकळे सोडू नका, ते एकमेकांची जागा घेतात आणि लॅटिसही भरकटतो. शून्यदोष मानकावरून ठरवून बंद करा, फक्त उंची सोडा. पुढे स्फटिक-आकार आणि ताण. सर्वांत शेवटी ऑक्सिजनची ‘झेड’ जागा, सुरुवात ०.३८२ पासून. झिंकची ‘झेड’ शून्यावरच ठेवा: वुर्टझाइटमध्ये, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या या रचनेत, त्या दिशेला उगम कुठेही धरता येतो, दोन्ही अणू मोकळे सोडले तर रिफाइनमेंट कधीच स्थिरावत नाही. पसंत-दिशेची (कण एका दिशेने झोपण्याची) दुरुस्ती गरज पडली तरच करा. तिचा मार्च-डोलास गुणक १ पासून फार दूर, समजा ०.७ खाली गेला, तर गणिताने झाकण्यापेक्षा सॅम्पल पुन्हा भरणं बरं.

आरडब्ल्यूपी (जुळणीतल्या चुकीचं माप) कमी आला म्हणून खूश होऊ नका. फ्लुओरोसन्सने पार्श्वभूमी उंच असेल तर तो आपोआप कमी येतो, कारण सपाट पार्श्वभूमी जुळवणं सोपं असतं. फरकाचा वक्र पाहा. प्रत्येक पीकखाली वर-खाली अशी जोडी दिसत असेल तर जागा चुकतेय. मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खड्डे असतील तर रुंदी चुकतेय. सगळं ठीक असून एखाद्याच कुळाची पीक्स कमी-जास्त असतील तर कण झोपलेत.

प्रोग्रॅम लॅटिसपुढे कंसात जी अनिश्चितता छापतो ती फक्त काउंट्सच्या आकडेमोडीतून येते. खरी अनिश्चितता तिच्या कितीतरी पट असते. ती काढायला तेच सॅम्पल होल्डरमधून काढून पुन्हा भरा, असं तीनदा मोजा आणि तिन्हींचं स्वतंत्र रिफाइनमेंट करा. उत्तरांमध्ये जेवढं अंतर पडेल त्याच्याहून लहान बदलाला डोपिंगचा बदल म्हणू नये.

कोबाल्ट-झिंकचं प्रमाण रिटव्हेल्डमधून काढायचा मोह होईल, तो टाळा. झिंकमध्ये ३० इलेक्ट्रॉन, कोबाल्टमध्ये २७. पाच टक्के जागा बदलल्या तर त्या जागेची सरासरी इलेक्ट्रॉन-संख्या ०.१५ ने, म्हणजे अर्ध्या टक्क्याने कमी होते. अणूंच्या थरथरीचा गुणक जरासा हलला तरी तेवढा बदल गिळून टाकतो. प्रोग्रॅम आकडा देईल, कदाचित ०.०५ सुद्धा देईल, पण त्याला अर्थ नसेल. एकूण प्रमाण आयसीपी किंवा ईडीएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या चाचण्यांवरून घ्या. झिंक आणि कोबाल्ट नायट्रेट ज्या प्रमाणात घेतलं तेच पावडरमध्ये उतरलं असं गृहीत धरू नका, विशेषतः अवक्षेप धुतला असेल तर.

मग ‘बसलं’ हे कशाने सिद्ध होईल? स्वस्तातली पहिली खूण रंग: दोन-संयुजी कोबाल्ट झिंकच्या जागी गेलं की पावडर हिरवी होते, काळपट-करडी झाली तर स्पिनेलचा संशय घ्या. त्याच्या पुढची पायरी डिफ्यूज रिफ्लेक्टन्स (पावडरवरून विखुरलेल्या प्रकाशाचं मोजमाप): चार ऑक्सिजनच्या घेऱ्यातलं कोबाल्ट साधारण ५७०, ६१० आणि ६५५ नॅनोमीटरच्या आसपास तीन ठळक शोषण-पट्टे देतं. ही सोय बहुतेक ठिकाणी असते आणि एका दुपारचं काम आहे.

खरा निर्णायक पुरावा एक्स-रेचाच, पण डिफ्रॅक्शनचा नाही. सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) कोबाल्टच्या के-कडेजवळ, ७७०९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, शोषण मोजलं की फक्त कोबाल्टच्या अणूंभोवतीची मांडणी दिसते, झिंकभोवतीची त्यात येतच नाही. कडेच्या आधीचं छोटं पीक ठसठशीत असेल तर शेजारी चार, अगदी बारीक असेल तर सहा ऑक्सिजनचा घेरा. पुढच्या लहरींवरून, म्हणजे एक्झाफ्सवरून, कोबाल्ट-ऑक्सिजन अंतर आणि त्यापलीकडच्या धातूच्या शेजाऱ्यांचं अंतर मिळतं: वुर्टझाइटमध्ये ते ३.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास, स्पिनेलमध्ये सर्वांत जवळचे २.८६ वर. याचीही मर्यादा आहे. हे सगळ्या कोबाल्टचं सरासरी चित्र असतं, शेजाऱ्यांच्या संख्येत १०-२० टक्के अनिश्चितता राहते, त्यामुळे दहातला एखादा अणू स्पिनेलमध्ये असेल तर तो इथेही लपू शकतो. म्हणून डिफ्रॅक्शन आणि शोषण दोन्ही लागतात.

सिंक्रोट्रॉनची वेळ मिळेपर्यंत प्रबंधात लिहायचं असेल, तर वरची (१००)-(११०) चाचणी उत्तीर्ण झाल्यावर आणि ४४.८, ५९.३५, ६५.२ चे लांब स्कॅन स्वच्छ निघाल्यावर असं लिहा: ‘पॅटर्न एकाच वुर्टझाइट फेजशी जुळतो, मोजमापाच्या मर्यादेत स्पिनेल आढळलं नाही, लॅटिसमधला बदल कोबाल्ट झिंकच्या जागी असण्याशी सुसंगत आहे.’ सोबत गोनिओमीटरची त्रिज्या, रिफाइन झालेली उंची, शून्यदोष आणि तीनदा भरून आलेलं अंतर, हे चारही आकडे तक्त्यात द्या. चाचणी उत्तीर्ण झाली नाही, तर ०.१२ अंशांचा उल्लेखच काढून टाका आणि मानक मिसळून नवा पॅटर्न घ्या.